जुळलेल्या यादीची भीती

सरांच्या पायात रबरी तळाच्या चपला असत आणि त्यांचा आवाज होत नसे. आमच्या भीतीचं अर्धं कारण त्या चपलाच होत्या. मी स्क्रीनकडे बघत काहीतरी टाइप करत असायची आणि एकदम जाणवायचं की मागे कोणीतरी उभं आहे. वळून बघायची हिंमत व्हायची नाही. सर पाच मिनिटं, कधी दहा मिनिटं तसेच उभे राहायचे. मग मागूनच प्रश्न यायचा, "यातनी कोण नाई आलं?"

किती आले, ते स्क्रीनवर खाली लिहिलेलं असायचं. कोण नाही आलं, ते कुठेच लिहिलेलं नसायचं.  सर पुन्हा विचारायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, आणि मी स्क्रीनवरची नावं पुन्हा वरून वाचायला घ्यायची.

आदिलाबादला कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका संस्थेच्या कचेरीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मी मूळची भैंशाकडची. घरी ज्वारी-कापसाची शेती, कॉम्प्युटर शिकलेली घरात मीच पहिली. संस्थेचं काम खेड्यापाड्यांतल्या गरोदर बायकांचं. त्यांची नोंद करायची, रक्त तपासायचं, आणि जिच्या अंगात रक्त कमी किंवा जिचं बीपी जास्त, तिचे दिवस भरत आले की आठवडाभर आधी गाडी पाठवून तिला दवाखान्यात आणून ठेवायचं. गाडी कोणाच्या दारात जाणार, ते एक यादी ठरवत असे. ती यादी मी काढायची आणि सरांनी तपासून सही करायची.

ऐकायला सोपं वाटतं. एका टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात, बायकांच्या नोंदी, दुसऱ्या टेबलात लॅबचे रिपोर्ट. क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम, लिहून दोन्ही टेबलं जोडायची, म्हणजे बाईसमोर तिचा रिपोर्ट येतो. कॉलेजात असल्या जोडण्या मी डोळे मिटून केल्या होत्या. पण तिथल्या टेबलांत विद्यार्थी आणि त्यांचे मार्क असायचे. एखादी ओळ गळाली तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

सर बाजारहत्नूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेले. बौद्ध समाजातले, बाप दुसऱ्यांच्या वावरात राबला आणि हा मुलगा मास्तर झाला. शाळेत असताना शिरगणतीची कामं त्यांनी इतकी केली की अर्ध्या जिल्ह्यातली गावं त्यांना घरांसकट पाठ होती. कॉम्प्युटर मात्र ते रिटायर झाल्यावर शिकले. त्यासाठी आणलेल्या जाड इंग्रजी पुस्तकाच्या प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेले होते. क्वेरी लिहिताना ते तोंडाने पुटपुटत, "इकडून घे, तिकडून घे, ज्याचं जुळते त्याले बसव." शर्टाच्या खिशात चार पेन्सिली, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. क्वेरी चालवायच्या आधी ते हातातलं घड्याळ काढून टेबलावर उपडं ठेवत. का, ते कोणी विचारलं नाही. उत्तर येईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. पंखा तर लावूच देत नसत, कागद उडतात म्हणून. एप्रिल-मे महिन्यात आम्ही त्या खोलीत भाजून निघायचो. कापसाच्या दिवसांत मार्केटकडून उडून आलेले तंतू की-बोर्डात जाऊन बसायचे, ते सर पेन्सिलीच्या टोकाने एकेक करून काढत बसायचे.

पहिल्याच आठवड्यात माझ्या क्वेरीला चूक लागली. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मी ती घाईने पुसायला लागले. सर मागून म्हणाले, "लाल अक्षरं आले त भ्यायचं नाई पोरी. मशीन सांगून राह्यलं तुले, का चूक झाली म्हणून. काहीच बोल्लं नाई ना, तवा भ्यायचं."

ते खरं होतं हे मला पुढे कळलं. दोन टेबलं साधी जोडली तर दोन्हीकडे ज्याचं जुळतं तेवढंच येतं. ज्या बाईचा गावाचा कोड एका टेबलात एक आणि दुसऱ्यात दुसरा, ती यादीतून निघून जाते. मशीन काही सांगत नाही. लाल अक्षर येत नाही, घंटी वाजत नाही. यादी तशीच नीटनेटकी दिसते. आणि आमच्याकडे कोड बदललेली गावं कमी नव्हती. जिल्ह्याचे तुकडे झाले, नवे मंडल झाले, गावांचे जुने नंबर जाऊन नवे आले. शिवाय एकच नाव कोणी तेलुगूतून लिहिलेलं, कोणी मराठीतून, कोणी कानाला ऐकू आलं तसं.

सर जोडणीला सोयरीक म्हणत. नुसत्या नावावर सोयरीक करू नये, घर पाहावं, बाप पाहावा, गाव पाहावं, असं ते सांगत. म्हणजे नोंदणी नंबर जुळवा, तो नसेल तर नवऱ्याचं नाव, गाव आणि तारीख तिन्ही जुळवा. आणि कशावरही विश्वास ठेवू नका, हाजरी घ्या.

ही हाजरी म्हणजे सरांचं खास वेड. दर आठवड्याला यादी निघाली की सही करायच्या आधी ते मूळ नोंदीचा कागद घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहत आणि शाळेत घेतात तशी मोठ्याने नावं वाचत. मी तयार यादीत नाव शोधायचं आणि "हाजर" म्हणायचं. तीनशेच्या वर नावं. खाली ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. तिथल्या मालकाला बरेच दिवस वर शिकवणीचा वर्ग चालतो असंच वाटत होतं. एखाद्या नावाला माझ्याकडून उत्तर गेलं नाही की सरांचा आवाज थांबायचा. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. रागाने बघत होते असं मला तेव्हा वाटायचं. नंतर एकदा नीट पाहिलं तर त्यांच्या हातातला कागद हलत होता.

म्हणजे आम्ही सरांना भीत होतो आणि सर यादीला भीत होते. घरूनही फोन करायचे. रविवारी दुपारी मी घरी कपडे वाळत घालत असताना फोन वाजायचा आणि सर एखाद्या बाईचं नाव घेऊन विचारायचे, ही आली होती ना? आली होती म्हटलं की फोन बंद. ते असे का झाले, याच्या कहाण्या कचेरीत दोन-तीन होत्या. कोणी म्हणे शिरगणतीत त्यांच्या हातून एक वस्ती सुटली होती, कोणी म्हणे त्यांची बहीण बाळंतपणात गेली. मी कधी विचारलं नाही. माझ्या आधी तिथे असलेली ऑपरेटर मुलगी चार महिन्यांत सोडून गेली होती. जाताना तिने मला एवढंच सांगितलं होतं की बाकी सगळं ठीक आहे, फक्त मागे वळून बघू नको.

मी टिकले. दोन वर्षं टिकले, आणि मग मला वाटायला लागलं की मला काम येतं.

ते डिसेंबरचे दिवस होते. लॅबकडून आलेल्या टेबलात त्या आठवड्यात नोंदणी नंबरचा कॉलमच रिकामा आला. तारखाही आल्या नाहीत. गावाच्या कोडवर जोडून पाहिलं तर यादी फार आखूड आली, कारण लॅबवाल्यांनी जुनेच कोड टाकले होते. शुक्रवार होता. मॅनेजरला दुपारपर्यंत यादी हवी होती. सरांना त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, मोतीबिंदू पिकत आला होता, मुलगा गाडी घेऊन खाली थांबला होता. मी बाईचं नाव आणि गावाचं नाव या दोनच गोष्टींवर जोडणी केली. नवऱ्याचं नाव घातलं असतं तर आणखी ओळी गळाल्या असत्या, ते मला दिसत होतं. म्हणून मी ते काढून टाकलं. क्वेरी चालवली. नोंदी तीनशे अठरा होत्या. यादीत आले तीनशे अठरा.

लाल अक्षर एकही नाही. मला इतका आनंद झाला की मी स्वतः उठून सरांकडे गेले. सरांनी डोळे बारीक करून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. सोमवारी हाजरी घेऊ म्हणाले, आणि सही केली.

सोमवारी सकाळी सर एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आले. त्याआधीच एका गावच्या आरोग्यसेविकेचा फोन येऊन गेला होता. ती हसत होती. म्हणाली, तुमच्या यादीत आमच्या गावची एकच लता दोनदा आलीय, एकदा तिच्या अंगात रक्त भरपूर आहे आणि एकदा अजिबात नाही. मीही हसले. सरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी घड्याळ काढलं.

"त्या गावात लता दोन हायत," सर म्हणाले. "दोघीचे रिपोर्ट दोन. तुह्या सोयरिकीत चार ओळी झाल्या. दोन जास्तीच्या. आता सांग, दोन जास्तीच्या आल्या आन् बेरीज तेवढीच राह्यली, त कमी कोण झालं?"

  आम्ही हाजरी सुरू केली. त्या दिवशी सर मोठ्याने वाचत नव्हते. तीनशे अठरा नावं व्हायला दीड तास लागला. चार गावांत एकाच नावाच्या दोन-दोन बाया होत्या, त्यामुळे आठ ओळी फुकटच्या वाढल्या होत्या. आणि आठ बायका, ज्यांच्या गावाचं किंवा स्वतःचं नाव दोन टेबलांत दोन तऱ्हेने लिहिलेलं होतं, यादीत नव्हत्या. आठ वाढल्या, आठ गळाल्या. बेरीज जुळली.

त्या आठ जणींचे रिपोर्ट आम्ही हाताने शोधले. पाच जणी ठीक होत्या. तिघींच्या अंगात रक्त इतकं कमी होतं की रिपोर्टवर डॉक्टरने लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. तिघींचेही दिवस भरत आले होते. गाडी शनिवारीच जायला हवी होती.

फोन लावले. एकीचा बंद, एकीच्या नवऱ्याचा लागला पण तो निजामाबादला कामाला होता, तिसरीच्या घरी फोनच नव्हता. सरांनी मॅनेजरची वाट पाहिली नाही. ड्रायव्हरला बोलावलं, मला म्हणाले, चल. मी का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मला जायचं नव्हतं. तिथे काय दिसेल त्याची मला भीती वाटत होती.

इच्चोड्यापर्यंत रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या, ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंनी पोटं सुटल्यासारखी कापसाची पोती लोंबत होती. ओव्हरटेक करता येईना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि सर त्याला वाजवू नको म्हणत नव्हते, एरवी त्यांना हॉर्न सहन होत नसे. मी मागच्या सीटवर तिन्ही रिपोर्ट मांडीवर धरून बसले होते. वाचत नव्हते, नुसते धरले होते. सर एकदाच मागे वळले आणि मी काही खाल्लं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. तेही काही खाल्लेले नव्हते.

पहिली बाई वावरात सापडली. नववा महिना, आणि कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. तोंड पांढरं फटक. आम्ही सांगितलं तशी ती ओटीतला कापूस नीट ओतून, पदर झटकून गाडीत येऊन बसली, जणू बाजारालाच निघाली होती. दुसरीला न्यायला सासरा तयार नव्हता. सरांनी त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं, त्याच्या थोरल्या पोराला आपण पाढे शिकवल्याची आठवण करून दिली, आणि अर्ध्या तासाने तो स्वतःच सुनेची पिशवी घेऊन आला. दोघी गाडीत बसल्यावर माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, निभावलं.

तिसरं गाव बाजारहत्नूरच्या पलीकडे, शेवटच्या टोकाला. घर सरांच्याच समाजाचं, लांबच्या नात्यातलंही निघालं. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा चार-पाच बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती आदल्या दिवशीच घरी बाळंत झाली होती. मूल रडलंच नव्हतं. मुलगी होती. सकाळी नेऊन पुरून आले होते. ती आत बाजेवर पडली होती, शुद्धीत होती की नाही कळत नव्हतं, आणि चादर भिजलेली होती.

तिला उचलून गाडीत घातलं. त्या तीन बायका, मी आणि मागे धुळीचा लोट, एवढंच मला त्या परतीच्या रस्त्याचं आठवतं. ती वाचली. तिला रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या.

पण निघण्याआधी अंगणात एक गोष्ट झाली. तिच्या सासूने विचारलं, तुमची गाडी आज कशी आली? आम्ही तर कोणाला कळवलं नव्हतं. मी ड्रायव्हरकडे बघितलं. काहीही सांगता आलं असतं. सर म्हणाले, "बाई, शनवारीच याची होती. तुमच्या सुनेचं नाव आमच्या यादीतून गळालं. आमची चूक झाली."

त्या बाया उठून उभ्या राहिल्या. आता आपल्याला मारतील, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. सासू आत निघून गेली.

आठ दिवसांनी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं. ते तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलत. वाईट नव्हते. चूक लॅबची होती असं लिहिलं तर चालेल, असं त्यांनी सुचवून पाहिलं. ते काही पूर्ण खोटं नव्हतं. सर नाही म्हणाले. मग क्वेरी कोणी लिहिली, असं मॅनेजरने विचारलं.  मला घर दिसलं, बाबांचं तोंड दिसलं, नोकरी गेलेली दिसली, पोलिससुद्धा दिसले. मी तोंड उघडलं नाही. सर म्हणाले, "सही मेरी है." एवढंच. मी लिहिली की त्यांनी लिहिली, तो प्रश्न मग कोणी विचारलाच नाही.

महिनाअखेरीस सर गेले. काढलं की त्यांनी सोडलं, मला माहीत नाही. त्यांनी सगळ्या पेन्सिली नेल्या, पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेले. माझ्याकडे न बघता गेले असं मी सांगणार होते, पण ते खरं नाही. ते बघत होते, मीच मान खाली घातली होती.

त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष मी त्यांना फोन केला नाही. यादी मीच काढत होते. मागे कोणी उभं राहत नव्हतं, आणि आता मला मागे वळून बघायची सवय लागली होती. जोडणी कोणती करायची, मागे राहिलेल्यांची वेगळी यादी कशी काढायची, एकाच्या दोन ओळी होतात का ते आधी कसं बघायचं, हे सगळं मी शिकले.  कधीकधी दुपारी डबा उघडायची आणि वास आला की बंद करायची.

शेवटी एका रविवारी मी सरांच्या गावी गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं. त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि म्हणाल्या, "थे घरी नाई. महिन्यातून एक रविवार थे तिकडं जातेत, त्या बाईकडं."

कोणत्या बाईकडे, ते मला विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं की सर जाऊन अंगणात बसतात, तासभर बसून येतात. ते लोक बसा म्हणत नाहीत, पाणी देत नाहीत, जयभीम घातला तर उत्तर देत नाहीत. नात्यातली माणसं असून. पत्नीने सरांना पुष्कळ समजावलं होतं.

मी शेअर ऑटोने गेले. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं. सर खरंच तिथे होते. अंगणात कडुनिंबाच्या बुंध्याशी, जमिनीवर, मांडी घालून. चष्मा नवा होता. मला पाहून त्यांनी काऊन आली, असंही विचारलं नाही. मी शेजारी बसले. मग हळूच म्हटलं, सर, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.

"तू काऊन बोलत नाई ते मले समजून राह्यलं होतं," ते म्हणाले. "मले का कमी भेव वाटत होता? सही करतानी मले डोळ्यानं धड दिसत नव्हतं पोरी. तरी केली. थे कोणाच्या माथी मारू?"

 ऊन अंगणभर आलं होतं. बऱ्याच वेळाने सासू बाहेर आली. तिने सरांकडे पाहिलंच नाही. मला अनोळखी पाहुणी समजून तिने हातातला पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. घसा कोरडा पडला होता. तांब्या तोंडापर्यंत गेला आणि माझा हात थांबला. सर खाली बघत होते. ते काही बोलणार नव्हते, मला कळत होतं. मी पाणी पिऊन निघून गेले असते तरी ते कधी बोलले नसते.

"आजी," मी म्हटलं, "मी त्याच कचेरीतली. ती यादी सरांनी नाही काढली, मी काढली होती."

 दारात सून येऊन उभी राहिली होती. मी तिला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होते. अंगाने भरली होती. आणि तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा-सहावा महिना असेल. मला ते दिसलं आणि माझ्या हातातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

"तूनं काहाडली?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"तुयासमोर कॉम्प्युटर होतं न तवा?"

"हो."

 मी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता ती तो उचलून नेईल. पण ती वळली आणि आत गेली, तांब्या तिथेच राहिला. सर निघायला उठत होते, एवढ्यात ती परत आली. तिच्या हातात सुनेचं दवाखान्याचं पिवळं कार्ड होतं. ते तिने माझ्या मांडीवर टाकलं, हातात दिलं नाही.

"ह्यावर हाय तसंच लिव," ती म्हणाली. "अन् लिवलं का मले वाचून दाखव."

माझ्याजवळ वही होती. मी सुनेचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, सासऱ्याचं लिहिलं, गाव लिहिलं, कार्डाचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून लिहिला. अक्षर वेडंवाकडं येत होतं. मग मी सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचलं. गावाच्या नावाशी म्हातारीने मला थांबवलं, त्यात एक काना राहिला होता. मी तो दिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.